एका पानावर ‘द’ खोडला, पुढच्या पानावर घातला

पत्राचा सारांश : एका संस्थेत अहवाल लिहिण्याचं काम करणाऱ्या वाचकाचं हे पत्र आहे. शिक्षण मराठीतून झालेलं. इंग्रजी वाचन चांगलं, पण लिहिताना उपपदांपाशी, म्हणजे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ या आर्टिकल्सपाशी, हात अडखळतो. मुलींच्या शिक्षणाच्या उपक्रमावरच्या अहवालात त्यांनी ‘द एज्युकेशन गिव्ज द कॉन्फिडन्स टू गर्ल्स’ असं लिहिलं. वरिष्ठांनी दोन्ही ‘द’ खोडले आणि समासात शेरा मारला की भाववाचक नामाला आर्टिकल लागत नाही, त्याचं अनेकवचनही होत नाही. तो नियम शिरसावंद्य मानून वाचकाने पुढचं अख्खं पान ‘द’मुक्त केलं. त्यात एक वाक्य होतं : ‘एज्युकेशन दे रिसीव्ह्ड इन दीज टू इयर्स गेव्ह देम कॉन्फिडन्स टू स्पीक.’ तिथे वरिष्ठांनी त्याच दोन शब्दांआधी ‘द’ घातले. शिवाय ‘मेनी डिफिकल्टी’चं ‘मेनी डिफिकल्टीज’ केलं, आणि ‘ॲडव्हायसेस’चं मात्र ‘ॲडव्हाइस’. वाचक विचारतात : वरिष्ठ मनाला येईल तसं तपासतात का? की मलाच हे कधी जमणार नाही? आता लिहिलेलं सरळ एखाद्या ॲपच्या हवाली करू, की नियम पाठ करायला घेऊ?

सदरातलं उत्तर :

तुमची दोन्ही वाक्यं मी शेजारी शेजारी मांडली आणि वरिष्ठांची चूक शोधायला बसले. खुणांमध्ये ती सापडली नाही. शेऱ्यात सापडली. जे ‘द’ खोडले ते खोडायलाच हवे होते आणि जे घातले ते घालायलाच हवे होते. पण समासात जो नियम लिहिला तो त्यांनी स्वतःच पुढच्या पानावर तीन ठिकाणी मोडलाय. असं पुष्कळदा होतं. भाषा ज्यांच्या हातात बसलेली असते त्यांचा हात बरोबर चालतो, पण कारण विचारलं की शाळेतला एखादा नियम आठवतो आणि तो सांगून ते मोकळे होतात. तुम्ही हात पाहिला नाहीत, शेरा पाहिलात.

त्या शेऱ्यामागे एक गृहीत आहे आणि पत्रावरून वाटतं की ते तुम्हीही मान्य करून टाकलंय. ते असं, की ‘एज्युकेशन’ हा शब्द भाववाचक आहे एवढं कळलं की त्याच्याआधी काय येणार ते ठरून गेलं. जणू शब्दाच्या कपाळावरच लिहिलेलं असतं. आपल्या मराठी व्याकरणातही हेच शिकवतात : सामान्यनामाचं अनेकवचन होतं, विशेषनामाचं आणि भाववाचक नामाचं होत नाही. आणि वर्गाबाहेर पडल्यावर आपण बिनदिक्कत ‘अडचणी’, ‘सवयी’, ‘ओळखी’ म्हणतो. त्यावर व्याकरणाचं उत्तर तयार आहे : तिथे भाववाचक नाम सामान्यनामासारखं वापरलंय. उत्तर बरोबर आहे. त्याचा अर्थ एवढाच, की शब्द तोच राहतो आणि वापर बदलतो. उपपद पाहायचं ते त्या वापराकडे बघून.

तुमच्या पहिल्या वाक्यात ‘शिक्षणाने मुलींना आत्मविश्वास येतो’ असं म्हणायचंय. कुणी विचारलं, कुठलं शिक्षण? तर तुम्ही म्हणाल, कुठलं असं नाही हो, एकूणच शिक्षण. या ‘एकूणच’साठी इंग्रजीत काहीही लावत नाहीत. शब्द मोकळा ठेवतात. ‘एज्युकेशन गिव्ज गर्ल्स कॉन्फिडन्स.’ दुसऱ्या वाक्यात तोच प्रश्न विचारा : कुठलं शिक्षण? या दोन वर्षांत त्यांना जे मिळालं ते. उत्तर वाक्यातच आहे, आणि मराठीत सांगताना तुमच्या तोंडून ‘जे… ते’ आलं. हा ‘ते’ म्हणजेच ‘द’. आत्मविश्वासाचंही तसंच. कुठला आत्मविश्वास? बोलण्याचा. म्हणून ‘द कॉन्फिडन्स टू स्पीक’.

हे मी सोयीसाठी जुळवून सांगत नाहीये. ‘द’ हा जुन्या इंग्रजीतल्या ‘तो, ती, ते’ अशा दर्शक सर्वनामाचाच झिजलेला अवशेष आहे, आणि ‘अ’, ‘ॲन’ हे त्या भाषेतल्या ‘एक’चे. म्हणजे सामान तेच, जे आपल्याकडेही आहे. आपण ‘एक माणूस आला होता, तो माणूस परत आला’ असं म्हणतो तेव्हा हेच काम करतो. फरक इतकाच की आपल्याकडे ते ऐच्छिक आहे आणि इंग्रजीने सक्तीचं केलं. लॅटिनचं उपपदाशिवाय छान चाललं, रशियनचं आजही चालतं. रशियन बोलणारे इंग्रजी लिहिताना आपल्यासारखेच ‘द’ गाळतात. उलट फ्रेंचमध्ये ‘एकूणच जीवन’ म्हणायलाही ‘द’चा भाऊबंद लागतो, त्यामुळे फ्रेंच माणूस ‘द लाइफ इज शॉर्ट’ लिहून बसतो. तेव्हा तुमच्या मराठी माध्यमाचा यात दोष असलाच तर तो बऱ्याच मोठ्या जमावात वाटून घेण्यासारखा आहे.

आता ‘अ’. तिथे ‘कुठलं?’ विचारून भागत नाही, ‘कसलं?’ विचारावं लागतं. ‘त्यांच्यात एक प्रकारचा संयम होता’, ‘तिला संगीताची एक वेगळीच ओढ होती’ असं आपण म्हणतो, तो ‘एक’ इंग्रजीत ‘अ’ होऊन येतो : ‘अ पेशन्स दॅट सरप्राइज्ड एव्हरीवन’, ‘अ लव्ह ऑफ म्युझिक’, ‘अ गुड नॉलेज ऑफ लॉ’. नॉलेजचं अनेकवचन होत नाही, तरी त्याला ‘अ’ लागतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही चक्रावले होते. पण हा प्रश्न ‘कुठलं?’इतका भरवशाचा नाही. विशेषण आलं म्हणून ‘अ’ आलाच असं होत नाही. ‘मॉडर्न लाइफ’, ‘ह्यूमन नेचर’, ‘पब्लिक ओपिनियन’ यांच्याआधी एरवी काही येत नाही, कारण तिथे विशेषणाने एक मोठं क्षेत्र थोडं लहान केलं, एवढंच. आतलं सगळं अजूनही ‘एकूणच’. आणि काही शब्द तर कितीही विशेषणं लावा, ‘अ’ला दारात उभं करत नाहीत. ॲडव्हाइस, प्रोग्रेस, इन्फर्मेशन, न्यूज, लक, फन ही ती मंडळी. ‘शी मेड गुड प्रोग्रेस’ म्हणायचं, ‘अ गुड प्रोग्रेस’ नाही.

तुमच्या अहवालात ‘द सोसायटी’ आणि ‘द नेचर’ही असणार, पैजेवर सांगते. समाज आणि निसर्ग या अर्थाने हे दोन्ही शब्द मोकळे राहतात. ‘द नेचर ऑफ द प्रॉब्लेम’ म्हटलं की अर्थच बदलतो, तिथे निसर्ग उरत नाही, अडचणीचं स्वरूप होतं.

‘ऑफ’ दिसला की ‘द’ घाला, असाही एक नियम लोक एकमेकांना सांगतात. तो अर्धाच खरा आहे आणि म्हणून जास्त त्रास देतो. तो तपासायचा तर मी एक मजकूर सुचवते, कारण तो भाववाचक नामांनीच भरलेला आहे आणि त्यातला शब्दन् शब्द तोलून लिहिलाय : संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेला मानवी हक्कांचा जाहीरनामा. त्यात तीस आर्टिकल्स आहेत (कलमं या अर्थाने, हा योगायोग मला दर वेळी गंमतीचा वाटतो). पहिलंच कलम घ्या. सगळी माणसं ‘इन डिग्निटी अँड राइट्स’ समान जन्मतात. प्रतिष्ठा एकवचनी आणि मोकळी, हक्क अनेकवचनी, कारण हक्क एकेक करून मोजता येतात, प्रतिष्ठा येत नाही. पुढे : त्यांना ‘रीझन अँड कॉन्शन्स’ लाभलेली आहे. विवेक आणि सदसद्विवेक, दोन्ही मोकळे. आणि शेवटी त्यांनी एकमेकांशी ‘इन अ स्पिरिट ऑफ ब्रदरहुड’ वागावं. वृत्ती कसली? बंधुभावाची. म्हणून ‘अ’. खुद्द बंधुभाव पुन्हा मोकळा. दोन वाक्यांचं कलम, आणि तुम्हाला लागणारं बहुतेक सगळं त्यात आहे.

आता ‘ऑफ’. एकोणिसाव्या कलमात प्रत्येकाला ‘द राइट टू फ्रीडम ऑफ ओपिनियन अँड एक्स्प्रेशन’ आहे. हक्काला ‘द’ आहे, कारण कुठला हक्क ते लगेच सांगितलंय. पण ‘फ्रीडम’नंतर ‘ऑफ’ असूनही त्याच्याआधी काही नाही. उलट प्रस्तावनेत ‘द इन्हेरंट डिग्निटी’ असं आहे आणि ती कुणाची ते पुढे येतं : मानवकुटुंबातल्या सर्व सदस्यांची. फरक लक्षात येतोय का? एके ठिकाणी ‘ऑफ’ने स्वातंत्र्य कशाबाबतचं ते सांगितलं, दुसरीकडे प्रतिष्ठा कुणाची ते. मराठीत दोन्हीकडे ‘चं, ची’च येतं, त्यामुळे आपली फसगत होते. ‘उंचीची भीती’ आणि ‘मुलींची भीती’ दिसायला सारख्याच. पण पहिलीत उंचीबद्दलची भीती आहे, तिथे ‘फिअर ऑफ हाइट्स’ मोकळं चालतं. दुसरीत मुली त्या भीतीच्या मालकीण आहेत, तिथे ‘द’ हवा. तुमचं ‘डिफिकल्टीज ऑफ लाइफ’ मालकीतलं आहे, म्हणून ‘द डिफिकल्टीज ऑफ लाइफ’. ‘इम्पॉर्टन्स ऑफ एज्युकेशन’ही तसंच. ही कसोटी दहापैकी दहा वेळा लागू पडेल असं मी म्हणणार नाही. त्याच जाहीरनाम्यातलं तिसरं कलम ‘सिक्युरिटी ऑफ पर्सन’ म्हणतं आणि मालक असूनही ‘द’ लावत नाही. कायद्याच्या घडीव शब्दप्रयोगांचा संसार वेगळा असतो, तो आहे तसा उचलायचा.

अनेकवचनाकडे येते, कारण ‘डिफिकल्टीज’ चालतं आणि ‘ॲडव्हायसेस’ चालत नाही यावर तुम्ही सगळ्यात जास्त वैतागलेले दिसताय. इथे आधी आपलंच घर तपासू. ‘अनुभव’ या शब्दाचं अनेकवचन काय? ‘अनुभव’च. इच्छा, आशा, सूचना यांचंही रूप बदलत नाही. एक की अनेक हे आपल्याला क्रियापदावरून कळतं : अनुभव आला, अनुभव आले. म्हणजे मराठी लिहिताना नामाकडे बघून वचन ठरवायची सवय आपल्याला अशा शब्दांत लागतच नाही, आणि इंग्रजीत ती नामालाच चिकटवावी लागते. उपाय त्यातच आहे. वाक्य मनात मराठीत पूर्ण म्हणा, क्रियापदासकट. ‘त्यांना दहा वर्षांचा अनुभव आहे’ : इथे साठलेलं ज्ञान आहे, म्हणून ‘एक्सपीरियन्स’ मोकळा. ‘तो एक विलक्षण अनुभव होता’ : एक प्रसंग, म्हणून ‘ॲन एक्सपीरियन्स’. ‘त्यांनी आपले अनुभव सांगितले’ : बरेच प्रसंग, म्हणून ‘एक्सपीरियन्सेस’. तीनही अर्थ मराठीत स्पष्ट आहेत. ‘अडचण’ही अशीच : ‘विथ डिफिकल्टी’ म्हणजे मुश्किलीने, आणि ‘डिफिकल्टीज’ म्हणजे एकामागून एक आलेल्या अडचणी. ‘काइंडनेस’ दयाळूपणा, पण ‘अ काइंडनेस’ म्हणजे कुणी केलेला एखादा उपकार. ‘इन्जस्टिस’ अन्याय ही गोष्ट, ‘इन्जस्टिसेस’ घडलेले अन्याय. मनातली गोष्ट प्रसंग होऊन बाहेर आली की इंग्रजी ती मोजू लागते.

मग ‘ॲडव्हाइस’ का नाही? सल्ला तर आपण घडीघडी देतो, आणि सल्ले मोजतोही. याला कारण नाही. खरंच नाही. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये सल्ले मोजतात, जर्मनमध्ये ‘इन्फर्मेशन’चं अनेकवचन होतं, इंग्रजीत दोन्ही होत नाही. मराठी माणसाला ‘इन्फर्मेशन’ला अडखळायचं कारण नाही, कारण ‘माहित्या’ आपणही म्हणत नाही. तसंच प्रगती आणि प्रोग्रेस. ठेच लागते ती जिथे मराठी मोजते आणि इंग्रजी मोजत नाही तिथे : सल्ले, पुरावे, बातम्या, संशोधनं, आणि हल्ली कचेऱ्यांतून फिरणारे ‘फीडबॅक्स’. ॲडव्हाइस, एव्हिडन्स, न्यूज, रिसर्च, फीडबॅक. अहवालात रोज लागणारे असे शब्द फार नाहीत, एका चिठ्ठीवर मावतात. नियम पाठ करायचे की नाही विचारलंत ना, एवढी चिठ्ठी करा. ‘न्यूज’ला शेवटी ‘एस’ दिसतो पण ती एकवचनी आहे, हेही त्यावर लिहून ठेवा. आणि दर वेळी ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ लिहायची गरज नाही, चार ओळींत तीन ‘पीस’ आले की मजकूर तुकड्यातुकड्यांचा वाटतो. ‘सम ॲडव्हाइस’ पुरतं. मोजायचंच असेल तर शब्द बदला : सल्ल्यांना ‘सजेशन्स’ करा, संशोधनांना ‘स्टडीज’.

शब्द मोजता येतो की नाही हे शिकणाऱ्यांसाठी केलेल्या कोणत्याही चांगल्या इंग्रजी कोशात ‘सी’ (काउंटेबल, मोजता येणारा) आणि ‘यू’ (अनकाउंटेबल, मोजता न येणारा) या अक्षरांनी दाखवलेलं असतं. बहुतेक लोक अर्थ बघून कोश मिटतात, ते अक्षर बघतच नाहीत. आणि ‘एक्सपीरियन्स’ उघडलात तर एका अर्थाला ‘यू’, दुसऱ्याला ‘सी’ दिसेल.

ॲपबद्दल माझं मत मिश्र आहे. वापरा, मीही वापरते. पण ‘टीचर्स शेअर्ड देअर एक्सपीरियन्स’ आणि ‘…एक्सपीरियन्सेस’ ही दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. शिक्षकांनी आपलं मुरलेलं ज्ञान वाटलं की घडलेले प्रसंग सांगितले, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. ॲपपुढे ते वाक्य असतं, तो दिवस नसतो. त्यामुळे ‘स्वीकारा’ दाबण्याआधी स्वतःला विचारा : कुठलं? उत्तर आलं नाही तर ॲपचंही ऐकू नका, वाक्यच पुन्हा लिहा.

सगळ्या लाल खुणा सारख्या वजनाच्या नसतात, हेही तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. ‘द सोसायटी’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला कानाला खटकेल, पण अर्थ पोचेल. ‘लिटल होप’ आणि ‘अ लिटल होप’ मध्ये मात्र अर्थ उलटतो. पहिल्यात आशा जवळपास नाहीच, दुसऱ्यात थोडीशी का होईना आहे. एखाद्या उपक्रमाच्या अहवालात हा ‘अ’ गळाला तर उपक्रम गुंडाळला जायचा. वेळ थोडा असेल तेव्हा ‘लिटल’ आणि ‘फ्यू’ आधी तपासा, ‘द’ नंतर.

‘मलाच कधी जमणार नाही’ असंही तुम्ही लिहिलंय. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरताना नील आर्मस्ट्राँग यांचं जे वाक्य पृथ्वीवर ऐकू आलं, त्यात ‘वन स्मॉल स्टेप फॉर मॅन’ आहे. आपल्याला ‘फॉर अ मॅन’, एका माणसासाठी, असं म्हणायचं होतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. ‘अ’ नसलेला ‘मॅन’ म्हणजे अख्खी मानवजात, आणि वाक्याच्या पुढच्या अर्ध्यात पुन्हा मानवजातच आहे. तो ‘अ’ उच्चारला गेला पण पोचला नाही, की राहूनच गेला, यावर लोक अजून वाद घालतात. इंग्रजी ही ज्यांची मायबोली, त्यांची ही गोष्ट.

वरिष्ठांशी बोलायचं तर ‘तुमचा नियम चुकीचा आहे’ असं म्हणून जाऊ नका. त्यांच्या खुणा बरोबर आहेत आणि तुम्हाला त्या खुणाच शिकायच्यात. दोन्ही पानं घेऊन जा आणि विचारा, ‘इथे एकूण शिक्षणाबद्दल होतं म्हणून खोडलंत, आणि इथे त्या दोन वर्षांतल्या शिक्षणाबद्दल म्हणून घातलंत, असंच ना?’ बहुधा ते क्षणभर थांबतील, मग हो म्हणतील. कदाचित शेराही बदलतील. पुढचा अहवाल देताना एकाच परिच्छेदातल्या प्रत्येक भाववाचक नामाखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि त्याच परिच्छेदापुरतं ‘कुठलं?’ विचारत जा. अख्ख्या अहवालावर हा प्रयोग करू नका, डोकं भणभणेल.

राहता राहिली तुमच्या मेलच्या विषयाची ओळ. ‘नीड ॲन अर्जंट ॲडव्हाइस’ असं लिहिलंय. त्यातला ‘ॲन’ काढा. ‘अर्जंट’ काढलंत तरी चालेल.